हळदी कम्मी

कार्तिक सरत आला की कंग्राळीच्या शिवारात भाताचा रंग रोज थोडा थोडा पालटतो. आधी लोंब्यांची टोकं तेवढी पिवळी होतात, मग तो पिवळेपणा ताटांतून खाली उतरत जातो, आणि एके दिवशी सकाळी बांधावर उभं राहिलं तर हिरवं शोधावं लागतं. आमच्याकडं या दिवसांना सुगी म्हणतात. कानडीतही जवळजवळ तोच शब्द आहे. सुगी म्हणजे कापणी, मळणी, उफणणी, अंगाला टोचणारी कुसळं, नाकातोंडात बसलेला धुरळा आणि घरात कुणालाच कुणाकडं बघायला नसलेली सवड. पूर्वी मला हे दिवस फार आवडायचे. गेली तीन वर्षं सुगी जवळ आली की मी बेळगावातल्या फोटोच्या लॅबमध्ये जास्तीचं काम मागून घेतो आणि होईल तितकं रानाकडं फिरकत नाही.

यंदा मात्र सुगीनं मला फोनवर गाठलं. निपाणीच्या अलीकडं हायवेवर एक हॉटेल आहे. तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये आमच्या शिवाराचं भिंतभर लांब चित्र लावलेलं आहे, ते मी फोटो जोडून केलेलं. हॉटेलच्या मालकांचा फोन आला. चित्र बिघडलंय म्हणाले. "सगळं निळं पडलंय हो. भात हाय का समुद्र म्हणून गिऱ्हाईक इचारायलंय." मला हसू आलं आणि लगेच गेलंही. पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्र लावू नका म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं. छापील चित्रावर रोज ऊन पडलं की त्यातला पिवळा आणि लाल हळूहळू मरतो आणि निळा तेवढा मागं उरतो. चौकाचौकातले जुने फलक बघा, त्यांच्यावरची माणसं अशीच निळी होऊन हात जोडून उभी असतात.

रविवारी जाऊन बघून आलो. मालक म्हणाले त्यात काही खोटं नव्हतं. भात निळं, नदीकाठची झाडं निळी, आकाश तर होतंच निळं. लोक खाली बसून तांबडा रस्सा भुरकत होते आणि वर डाव्या बाजूला, बांधावर विळा मांडीवर घेऊन बसलेली बाई निळ्या तोंडानं त्यांच्याकडं बघत होती. ती माझी आक्का. नवीन छापून देतो म्हणालो आणि जेवायचा आग्रह चालू असतानाच बाहेर पडलो.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. कडोलीला दिली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दाजी गेले, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. परत कंग्राळीला आली आणि वर्षाच्या आत आमचे आप्पाही गेल्यावर तिनं मुकाट्यानं रान अंगावर घेतलं. मार्कंडेय नदीच्या बाजूचा तो तुकडा आमचा. त्यात भात, भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा. मी शाळा शिकलो, कॉलेजला गेलो, फोटोच्या नादाला लागलो, लॅबमध्ये चिकटलो, शहरात बिऱ्हाड केलं, ते सगळं तिच्या जिवावर. हे मी आज लिहितो आहे. तिच्यासमोर कधी बोललो नाही, कारण आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही.

माझं काम म्हणजे लग्नाच्या फोटोंचे रंग दुरुस्त करणं. फोटो काढणारे दुसरे, अल्बम बांधणारे तिसरे, मधे मी. हळदीच्या फोटोंचं काम तर लॅबमध्ये खास माझ्याकडं येतं. पिवळ्या साड्या, पिवळे पडदे, झेंडूच्या माळा, त्या सगळ्याचा रंग माणसांच्या चेहऱ्यांवर सांडतो आणि नवरीसकट सगळं वऱ्हाड आजारी दिसायला लागतं. आमचे मालक बसूअण्णा बैलहोंगलकडचे. ते चहाचा कप घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहतात आणि हळूच म्हणतात, "विलास, स्वल्प हळदी कम्मी माडु." कानडीत पिवळ्या रंगालाच हळदी म्हणतात. आपली जी हळद, ती त्यांची अरिशिण. बसूअण्णा बिचारे पिवळं थोडं कमी कर, एवढंच सांगत असतात. माझ्या मराठी कानाला मात्र दरवेळी ते हळद कमी कर असंच ऐकू यायचं, आणि सुरुवातीला मला त्याची फार गंमत वाटायची. लोकांनी हौसेनं लावायची आणि आम्ही पगार घेऊन पुसायची.

माझ्या स्वतःच्या लग्नातली हळद आक्कानं दळली. दुकानची पूड नको म्हणून हळकुंडं आणून, परड्यात जात्यावर, दोन दिवस आधी. दळून झाल्यावर तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. ती न्हाणीत बसून ते हात राखेनं घासत होती. मी कशाला तरी तिथं गेलो तर म्हणाली की पाव्हणे यायच्या आत हे गेलं पाहिजे, नाहीतर बायका बोलतील. विधवा बाईच्या अंगावर हळद दिसू नये, असा त्याचा अर्थ. मला तो कळत होता. मी एवढंच म्हणालो की गरम पाणी घे. दुसऱ्या दिवशी मला हळद लावायला घरातल्या, गल्लीतल्या, लांबच्या सगळ्या बायका होत्या आणि आक्का आत चुलीपाशी होती. माझ्या हळदीच्या अल्बममध्ये तिचा एकही फोटो नाही. तो अल्बम मीच जुळवला होता, आणि तेव्हा मला हे खटकलं नव्हतं.

लांबलचक फोटोंचा नाद मला लग्नाच्या कामातूनच लागला. आठवडाभर माणसांचे चेहरे बघून डोळे विटतात, मग रविवारी कॅमेरा घेऊन कुठंतरी उघड्यावर जायचं. एका फोटोत मावत नाही ते अनेक फोटोंत घ्यायचं आणि मग सांधायचं, एवढंच ते तंत्र. कॅमेरा तिवईवर उभा बसवायचा, प्रकाशाची आणि रंगाची मापं हातानं एकदाच ठरवून तिथंच घट्ट ठेवायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं वळत जायचं. दर फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा तरी पुन्हा यावा लागतो. तो पुन्हा आलेला भाग ओळखूनच कॉम्प्युटर दोन फोटो एकमेकांना जोडतो. तो कमी पडला तर सांधा बसत नाही, मधे फट राहते. आक्काच्या आणि माझ्या दिवसांत असा पुन्हा येणारा भाग दरवर्षी कमी होत चालला होता. आधी रोज संध्याकाळ होती, मग रविवार राहिले, मग दिवाळी, संक्रांत आणि सुगीतला एखादा दिवस.

निपाणीच्या मालकांनी हॉटेल बांधलं तेव्हा त्यांना भिंतीवर आपल्या भागाचं चित्र पाहिजे होतं. धबधबे नकोत, किल्ले नकोत, ते सगळ्यांकडं असतात. पिकलेलं भात पाहिजे, सोन्यासारखं, आणि त्यात एखादं आपलं माणूस. मी म्हणालो, आमच्या रानातच काढतो. तीन वर्षांपूर्वीची सुगी ती.

पहिल्या रविवारी नुसती चाचणी घेतली. मी डावीकडून उजवीकडं वळत होतो आणि आक्का विळा घेऊन नेमकी त्याच दिशेनं बांधावरून चालत निघाली होती. मला भान राहिलं नाही. घरी येऊन फोटो जोडले तर चित्रात तीन आक्का. एक आंब्याखाली, एक मधल्या बांधावर, एक पार नदीकडच्या टोकाला, तिन्हींच्या हातात विळा. मी तिला दाखवायला लॅपटॉप स्वयंपाकघरात घेऊन गेलो. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली, एवढी की चुलीवरचं दूध उतू गेलं. मग डोळे पुसत म्हणाली, "ऱ्हाऊ देत की रं तिगीबी. एक रानात जाईल, एक आईजवळ बसंल, आन एक जरा निजंल." मी पुढच्या रविवारी नीट काढू म्हणालो आणि लॅपटॉप मिटला. सुगीत कोण दमत नाही?

पुढच्या रविवारी दुपार कलल्यावर बसलो. निम्मं रान कापून झालं होतं, पेंढ्या आडव्या पडल्या होत्या, कापणाऱ्यांच्या मागं मागं बगळे फिरत होते. चित्रात माणूस जवळ असेल तर त्याच्या अंगावरून सांधा जाऊ द्यायचा नसतो, नाहीतर खांदा एकीकडं आणि हात दुसरीकडं होतो. म्हणून मी आक्काला एकाच फोटोत पूर्ण मावेल अशी जागा दाखवली आणि हलू नकोस म्हणून सांगितलं. ती म्हणाली, उभी नाही राहत, टेकते जरा. बांधावर बसली. मला ते फारच आवडलं. उभ्या माणसापेक्षा बसलेलं माणूस रानाला शोभत होतं. मधेच ती दंड खाजवायला लागली. हलू नको म्हणून ओरडलो तर म्हणाली, कुसळं लागल्यात. गेल्या सुगीपेक्षा तिच्या हातातल्या दोन पितळी बांगड्या कोपराकडं जास्त वर सरकत होत्या, तेही मला त्या भिंगातून दिसत होतं. सुगीत माणूस वाळतंच.

त्या आठवड्यात मी चित्र जोडायला घेतलं. सांधे सुरेख बसले. बगळ्यांनी थोडा त्रास दिला, कारण एका फोटोत चालणारा बगळा दुसऱ्या फोटोत अर्धाच उरतो. ते अर्धे बगळे एकेक करून काढले, स्थिर उभे होते ते ठेवले. मग रंग. रंगाच्या कामात एक सोपी युक्ती असते. चित्रात जे खरोखर पांढरं आहे त्यावर ड्रॉपर टेकवायचा, म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं की बाबा हे पांढरं समज. त्या हिशेबानं तो बाकीचे रंग बसवतो. मी सहज गंमत म्हणून चित्र मोठं करत करत आक्काच्या डोळ्यांपर्यंत नेलं आणि डोळ्याच्या पांढऱ्यावर ड्रॉपर टेकवला.

सगळं शिवार निळं झालं.

ज्याला मी पांढरं म्हणून दाखवलं होतं ते पिवळं होतं, म्हणून कॉम्प्युटरनं जगभराचा पिवळा काढून घेतला होता. याचा दुसरा काही अर्थच होत नाही. हे शिकाऊ पोरांना मी स्वतः शिकवतो. आणि मी काय केलं, तर हसलो. फोन उचलून आक्काला लावला. म्हणालो, "आक्का, तुझ्या डोळ्यात बघितलं तर सगळं रान निळं व्हायलंय."

"धुरळा बसलाय डोळ्यात," ती म्हणाली. "उफननी चालू हाय न्हवं." मागं मळणीच्या मशीनचा आवाज येत होता. मी ठेवणार एवढ्यात तिनं विचारलं, "इलास, फोटूत मी बरी दिसतीया न्हवं?"

"लई बरी," मी म्हणालो.

तिनं तसं का विचारलं असेल, यावर मी या तीन वर्षांत पुष्कळ डोकं चालवलं आहे. तिला आरशात काही दिसलं होतं का? मला काही दिसलं का, हे ती चाचपत होती का? की चाळिशी ओलांडलेल्या बाईनं सहज विचारावं तसं विचारलं? तिच्या आवाजात काहीच नव्हतं. आक्काच्या आवाजात कधीच काही नसायचं.

मग मी ते केलं जे मला सगळ्यात चांगलं जमतं. भात सोन्यासारखं पाहिजे होतं, त्याला हात लावला नाही. ब्रश घेतला आणि एकट्या आक्काचा चेहरा, गळा आणि हात रंगवून निवडून घेतले. पिकल्या भाताचं पिवळं तिच्या अंगावर पडलंय, हळदीच्या मांडवात पडतं तसं, असं मी ठरवून टाकलं होतं. कडा मऊ केल्या. पिवळा खाली ओढला, थोडा लाल वर घेतला. डोळ्यांतलं पांढरं वेगळं उजळलं. तास दीड तास मी तिच्या चेहऱ्यावर काम करत होतो. डोळ्याखालची रेघ, हनुवटीवरचं गोंदण, सगळं पडद्यावर पंजाएवढं मोठं करून. आयुष्यात एवढ्या जवळून आणि एवढा वेळ मी तिला कधी बघितलं नव्हतं. बसूअण्णा जाता जाता थांबून म्हणाले, छान आलंय, आता हळदी बरोबर आहे.

चित्र निपाणीला लागलं. लोकांनी कौतुक केलं. आक्काला बघायला घेऊन जाणार होतो. सुगी उरकू दे, म्हणाली.

संक्रांतीला घरी गेलो. तोवर सुगी संपली होती. रान उघडं पडलं होतं, धुरळा खाली बसला होता, कुसळं नव्हती, मळणी नव्हती, संध्याकाळचं ते सोनेरी ऊनही नव्हतं. दुपारचं स्वच्छ पांढरं ऊन दारात पडलेलं, आणि त्यात तीळगुळाची वाटी घेऊन आक्का उभी होती. ती पिवळी होती. डोळे, कपाळ, हाताचे तळवे. ज्या ज्या गोष्टीवर मी ते ढकललं होतं त्यातलं काहीच आसपास उरलं नव्हतं. मी वाटीतला तीळगूळ उचललाच नाही, दंड धरून तिला उजेडात ओढली. ती म्हणाली, आधी गोड तर बोल.

आमच्याकडं काविळीला कामीण म्हणतात. गावात कामिणीवर पाला देणारा माणूस आहे. आक्का दोनदा त्याच्याकडं जाऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं. आईला काही दिसलं नव्हतं, कारण तिला तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि सगळं जगच ती धुक्यातून बघायची. मी आक्काला बेळगावात दवाखान्यात नेलं. साधी कामीण नव्हती. पित्ताच्या नळीपाशी गाठ होती आणि ती पसरली होती. मी डॉक्टरांना विचारलं की दोन महिने आधी आणलं असतं तर? त्यांनी कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणाले असते तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

होळीच्या आधी आक्का गेली.

भिंतीवर लावायला तिचा फोटो पाहिजे होता. मोठा, नीट काढलेला असा एकच होता, निपाणीच्या चित्रातला. त्यातूनच कापून घ्यायचा म्हणून मी मूळ फोटो उघडले. तिच्या डाव्या हाताला, चार पावलांवर, एक बगळा उभा होता. मीच ठेवलेला. तो पांढरास्वच्छ होता. तेच ऊन त्याच्यावर, तेच भात त्याच्या पायाशी, आणि पंखांवर पिवळ्याचा एक ठिपकाही नाही. उन्हाचा दोष असता तर बगळाही पिवळा झाला असता. अर्धे बगळे शोधून शोधून पुसण्यात मी एक अख्खी दुपार घालवली होती, आणि उभ्या बगळ्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.

दुरुस्त केलेलाच चेहरा कापला, छापला, चौकटीत बसवला आणि फाईल बंद करून टाकली. घरात येणारं जाणारं माणूस त्या फोटोकडं बघून हळहळतं. आई प्रत्येकाला सांगते, सुगीपर्यंत कशी टवटवीत होती बघा की पोरगी, आणि मग एकाएकी काय झालं. फोटो साक्षीला असतोच. गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता तिला सगळं लख्ख दिसतं आणि ती त्या फोटोसमोर जास्तच वेळ उभी राहते. तिचं ते वाक्य सुरू झालं की मी काहीतरी कारण काढून बाहेर जातो. तीन वर्षं मी असा बाहेर जातोय.

निपाणीहून आलो त्याच्या पुढच्या रविवारी कंग्राळीला गेलो आणि माजघरात लॅपटॉप उघडला. बाहेर सुगी चालूच होती. आता आमचं रान शेजारचे वाट्यानं करतात. अंगणात त्यांची पेंढ्यांची गंजी रचणं चाललं होतं. नुसतं तेच चित्र पुन्हा छापायचं होतं, फाईल पाठवली की काम झालं. पण मी एकेक थर उघडत गेलो. सांध्यांचा थर, आकाशाचा थर, आणि सगळ्यात वर आक्काच्या चेहऱ्यावरच्या दुरुस्तीचा. त्यावर बोट ठेवून तो बंद केला. चेहरा पिवळा झाला. पुन्हा लावला, टवटवीत झाला. पुन्हा बंद केला. किती वेळ ते करत होतो कुणास ठाऊक. आई पाठीमागं येऊन उभी राहिल्याचं मला कळलं नाही.

तिनं विचारलं, हा कधीचा फोटो? मी म्हणालो, तोच, भिंतीवरचा. मी रंग लावायच्या आधीचा. ती वाकून बघत राहिली. मुलीला पिवळं झालेलं तिनं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं, नुसतं आमच्या तोंडून ऐकलं होतं. तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

"हळद लागल्यागत दिसतीया," ती म्हणाली.

"हळद न्हवं आई. कामीण हाय ती," मी म्हणालो. "सुगीतच हुती. मला फोटूत दिसली हुती. मी पुसून टाकली."

बोलून झालं. तीन वर्षं टाळलेलं वाक्य इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं. आता ती रडेल, बोलेल, माझी उलटतपासणी घेईल, म्हणून मी मान खाली घालून बसलो. तिनं हात पुढं केला आणि बोटांच्या टोकांनी पडद्यावरच्या त्या गालाला हात लावला. तिच्या बोटांना गंजीचा धुरळा होता, तो काचेवर उमटला.

"कळतंय रं मला, कामीण कुठली आन हळद कुठली," ती म्हणाली. "तेवीस वर्साची हुती ती. तवापास्नं कुनी तिच्या अंगाला हळद लावली न्हाय. मीबी न्हाय लावली." मग म्हणाली, "आता दिसतीया तर ऱ्हाऊ दे. पुसू नगंस."

मला न्हाणीतली राख आठवली. मनगटापर्यंतचे पिवळे हात आठवले, आणि गरम पाणी घे म्हणणारा मी आठवलो. तिच्या अंगावरची हळद पुसायला मी काही कॉम्प्युटर आल्यावर लागलो नव्हतो. आई आत गेली. मी तो थर बंदच ठेवला आणि फाईल तशीच जपून ठेवली.

सोमवारी लॅबमध्ये छपाईला लावलं. लांब चित्राआधी एक पट्टी छापून बघतात, मी आक्काच्या बाजूची पट्टी दिली. यंत्रातून ती हळूहळू बाहेर येत गेली, आधी आकाश, मग आंबा, मग बगळा, आणि मग ती. बसूअण्णा कप घेऊन आले, पट्टी उजेडाकडं धरून बघितली. तेरा वर्षं माझ्या मागं उभा राहणारा माणूस, त्यांच्या नजरेतून काय सुटणार. ही कोण हे त्यांना माहीत होतं, म्हणून आवाज खाली करूनच बोलले.

"विलास, हळदी भाळ आगेद." पिवळं फार झालंय.

मी पट्टी त्यांच्या हातातून घेतली. मला कानडी बोलता येतं, पण लॅबमध्ये मी मराठीतच बोलतो. त्या दिवशी मात्र त्यांच्याच भाषेतला शब्द तोंडात आला. कानडीत असू दे म्हणायचं असेल तर इरली म्हणतात.

"इरली, अण्णा," मी म्हणालो.